गढीपासून पट्ट्यापर्यंत : छत्तीसगढचा सरंजामी समाज आणि नोंदवहीची सत्ता

सरंजामशाही म्हटले की शाळेच्या पुस्तकातील इंग्लंडचे एक चित्र आपल्यापुढे उभे राहते. शिखरावर राजा, त्याच्याखाली उमराव, मग सरदार आणि तळाशी जमिनीला बांधलेला भूदास. हे चित्र परक्या देशाचे आहे असे समजून आपण पान उलटतो. परंतु ज्या प्रदेशात आज नवा रायपूर उभे आहे, त्या प्रदेशाच्या नावातच अशी एक रचना दडलेली आहे. शिवनाथ नदीच्या उत्तरेला रतनपूरच्या अठरा गढी आणि दक्षिणेला रायपूरच्या अठरा, अशा छत्तीस गढींवरून छत्तीसगढ हे नाव पडले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

हैहयवंशी कलचुरी राजांच्या काळातील ही रचना मोठी रेखीव होती. एका गढीखाली आदर्श हिशेबाने चौऱ्याऐंशी गावे असत. त्यांचे बारा-बारा गावांचे सात गट पडत. अशा गटाला 'बरहों' म्हणत. गढीवर दिवाण, बरहोंवर दाऊ आणि गावावर गौंटिया. प्रत्येकाने वरच्याला वसूल आणि प्रसंगी माणसे पुरवायची व खालच्याला संरक्षण द्यायचे. 'दाऊ' हे संबोधन आजही येथे जमीनदार घराण्यातील माणसासाठी आदराने वापरले जाते, यावरून ही मुळे किती खोल गेली आहेत ते कळते.

गावाच्या आत मात्र या व्यवस्थेला एक वेगळाच पैलू होता. येथील शेतकरी जमिनीचे कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा असे प्रकार मानतो. कन्हार काळी व कसदार, तर भाठा मुरमाड. चांगली जमीन काहींकडेच आणि भाठा इतरांकडेच राहू नये, म्हणून काही वर्षांनी साऱ्या गावच्या जमिनीची नव्याने वाटणी होई. तिला 'लाखाबाटा' म्हणत. ही वाटणी गौंटियाच्या देखरेखीखाली होई, त्यामुळे ती निखळ समतेची होती असे मानण्याचे कारण नाही. भेट-बेगारही होतीच. पण जमीन कोणा एकाची मालमत्ता नव्हे, ही समजूत तिच्यामागे होती, हे विसरता कामा नये.

आता आपल्या लोकांकडे वळू. १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपूरवर चालून आले आणि वृद्ध राजा रघुनाथसिंह याने शरणागती पत्करली. १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपुरात राहून कारभार केला. रतनपूरच्या टेकडीवरील राममंदिर त्यांनीच बांधले. या काळात मोडी लिपी आणि मराठी दप्तराची भाषा येथे रुजली. आज रायपूर-बिलासपुरात जी जुनी मराठी घराणी आहेत, त्यांतील कित्येकांचा संबंध या भोसलेकाळाशी पोहोचतो. बाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तथापि इतिहासाने त्याला एक प्रश्नही विचारायला हवा. या राज्याने सामान्य शेतकऱ्याला काय दिले?

१७८७ मध्ये बिंबाजींचे निधन झाले आणि छत्तीसगढ व्यंकोजी भोसल्यांकडे आले. त्यांनी नागपूरहूनच, सुभेदार नेमून कारभार चालविला. या सुभेदारांपैकी विठ्ठल दिनकर यांनी १७९० च्या सुमारास एक मूलभूत फेरबदल केला. जुन्या गढी आणि बरहों मोडून त्यांनी सत्तावीस परगणे आखले आणि त्यांवर कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे असे पगारी अधिकारी नेमले. शतकानुशतके टिकलेली सरंजामी उतरंड, निदान खालसा मुलखात, अशी कागदावरच्या एका आखणीने निकालात निघाली. डोंगराळ भागातील जमीनदार मात्र 'टाकोळी' नावाची खंडणी भरून टिकून राहिले.

प्रशासनाच्या दृष्टीने हे आधुनिकीकरणच होते. वंशपरंपरागत मध्यस्थ जाऊन बदलता येणारा अधिकारी आला. परंतु वसुली नागपूरकडे जात राहिली. दिवाण किंवा दाऊ कितीही जुलमी असला तरी त्याला त्याच रयतेत राहायचे होते; दुष्काळात गाव उठून गेले तर त्याचेही नुकसान होई. कमाविसदाराची दृष्टी मात्र त्याच्या मुदतीपुरती. सरंजामशाही मोडली, पण तिच्या जागी रयतेचा हक्क आला नाही. केवळ वसुली करणारा बदलला.

पुढचा बदल इंग्रजांनी केला. १८१८ मध्ये भोसल्यांच्या अज्ञान वारसाच्या नावाने इंग्रजांनी कारभार हाती घेतला. त्यांचे अधिकारी ॲग्न्यू यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. त्यानंतरच्या जमाबंदीसाठी कामाला लागलेल्या चिशम यांना बिलासपुरात कलचुरी राजा कल्याण साय याच्या काळातील महसुलाची वही उपलब्ध झाली. गढींच्या रचनेबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातील बराच भाग या वहीमुळे आणि चिशम यांच्या १८६८ च्या अहवालामुळे वाचला.

याच जमाबंदीत मात्र एका शब्दाने फार मोठा उलटफेर केला. गौंटिया हा आजवर वसूल गोळा करणारा गावप्रमुख होता. आता तो 'मालगुजार' म्हणून, म्हणजे गावाचा मालक म्हणून नोंदला गेला. त्याची घरची 'सीर' जमीन वेगळी झाली, इतर शेतकरी त्याची कुळे ठरली आणि लाखाबाटाचे दिवस भरले. थोड्या शेतकऱ्यांना 'मालिक-मकबूजा' म्हणून आपल्या शेतापुरती मालकी मिळाली. बाकीच्यांना संरक्षणासाठी १८८३ च्या कूळ कायद्यापर्यंत आणि त्याच्याही पुढे थांबावे लागले. ज्याला आपण जुनी सरंजामशाही समजतो, तिचा मोठा भाग असा एकोणिसाव्या शतकातील कचेरीत तयार झाला.

समाज या काळात स्वस्थ बसला होता असे नाही. गिरौदपुरीला जन्मलेल्या गुरू घासीदासांनी मूर्तिपूजा आणि जातिभेद नाकारणारा सतनाम पंथ याच शेतकरी आणि शेतमजूर समाजात उभा केला. वरून राज्ये बदलत असताना माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न खालून विचारला गेला, ही या प्रदेशाच्या इतिहासातील फार महत्त्वाची घटना होय.

येथे इंग्लंडचे उदाहरण पुन्हा आठवते. विल्यम राजाने १०८६ मध्ये सर्व मुलखाची पाहणी करून 'डूम्सडे बुक' तयार करविले. १३४८-४९ च्या महामारीने मजूर दुर्मीळ झाले, तेव्हा मजुरी दाबून ठेवण्यासाठी १३५१ मध्ये कायदा झाला. १३८१ मध्ये शेतकऱ्यांनी बंड केले. त्या बंडात त्यांनी ठिकठिकाणी जहागिरीची दप्तरे जाळली, कारण त्यांची गुलामी त्यांत लिहिलेली होती. परंतु पुढील काळात त्याच दप्तरातील नोंदीची नक्कल हा कुळाच्या हक्काचा पुरावा ठरला आणि न्यायालये ती मानू लागली. जमीनधारणेचा हा प्रकार १९२६ पर्यंत चालला. एकच दप्तर, पण एका काळी बेडी आणि दुसऱ्या काळी ढाल.

छत्तीसगढमध्येही शेवट नोंदीनेच झाला. १९४८ मध्ये येथील चौदा संस्थाने मध्यप्रांतात विलीन झाली. मालकी हक्क निर्मूलनाचा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला आणि मालगुजारी संपली. १९५९ च्या भू-राजस्व संहितेने कसणाऱ्याला 'भूमिस्वामी' म्हटले. शिवाय गावाचे सामाईक हक्क, म्हणजे चराई, जळण, पाणी, यांची नोंद 'निस्तार पत्रक' आणि 'वाजिब-उल-अर्ज' या कागदांत करण्याची सोय ठेवली. लाखाबाटामागच्या सामाईकपणाचा एवढाच अवशेष आज कायद्यात उरला आहे.

म्हणून सरंजामशाही केव्हा संपली या प्रश्नाचे उत्तर लढायांच्या सनावळीत शोधू नये. ते नोंदवहीत शोधावे. कोणाचे नाव लिहिले गेले, कोणत्या शब्दाने लिहिले गेले आणि कोणाचे राहून गेले? हे तिसरे विचारणे आजही निकडीचे आहे. नवा रायपूर ज्या गावांच्या शेतांवर वसले, तेथे भूसंपादनाचा मोबदला अभिलेखातील नावाला मिळतो. मजूर, वाटेकरी किंवा घरची स्त्री यांची नावे त्या पानावर क्वचितच असतात. तेथील शेतकऱ्यांना २०२२ मध्ये आंदोलनास बसावे लागले, हे आपण पाहिले आहे. धानखरेदीची नोंदणीही मुख्यतः जमिनीच्या कागदावर आधारलेली असते. 'अधिया' किंवा 'रेगहा' पद्धतीने दुसऱ्याचे शेत कसणारा तिच्या कडेवरच उभा राहतो.

विठ्ठल दिनकरांनी परगणे आखताना कोणाचे वाईट चिंतिले असेल असे नव्हे, किंवा जमाबंदी अधिकाऱ्यांनी 'मालगुजार' हा शब्द लिहिताना. दोघांनीही आपल्यापुढचे काम नीट उरकले. पण त्यांच्या रकान्यात जो बसला नाही, त्याच्या दोन-तीन पिढ्यांना त्याची किंमत मोजावी लागली. रकाना आखणाऱ्या प्रत्येकाने, मग तो नागपूरचा असो, लंडनचा असो वा आजच्या मंत्रालयातला, सही करण्यापूर्वी एकदा त्या गावात जाऊन न लिहिलेल्या नावांची चौकशी करावी. इतिहासाकडून प्रशासनाने घ्यावयाचा धडा एवढाच आहे, आणि तो अमलात आणण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.