बिननावाचा रोल

गेल्या उन्हाळ्यात आमच्या इथे, न्यू जर्सीत, एका शेजाऱ्यांनी घरातलं जुनं सामान विकायला अंगणात मांडलं होतं. त्यातल्या एका खोक्यात कॅमेऱ्याचे तीन रोल मिळाले. कलर निगेटिव्ह, २०० आयएसओ, प्रत्येकी २४ फोटो, आणि मुदत २००३ साली संपलेली! वेष्टनावर नाव होतं औषधांच्या एका दुकानाचं, आणि खाली बारीक अक्षरांत 'मेड इन इटली'.

आता मला सांगा, कोडॅकच्या देशातलं दुकान, आणि त्याच्या नावाचा रोल इटलीहून का यावा? डोक्यात किडा वळवळायला लागला आणि पुढचे दोन-तीन वीकएंड त्यातच गेले.

उत्तर सापडलं ते कोर्टात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोडॅकने एकामागोमाग एक प्रतिस्पर्धी गिळले होते. सरकारने मक्तेदारीचा खटला भरला आणि १९२१ साली तडजोडीचा हुकूम झाला. त्यातली एक अट मजेशीर होती. कोडॅकने आपला माल दुसऱ्याच्या नावाखाली विकायचा नाही. म्हणजे अमेरिकेतल्या दुकानांना स्वतःच्या नावाचा रोल हवा असेल, तर तो कोडॅककडून मिळणं शक्यच नव्हतं.

दुसरा हुकूम १९५४ चा. तोपर्यंत तिथे कोडॅकच्या रंगीत रोलच्या किमतीतच तो धुण्याचे पैसे घेतलेले असायचे. साहजिकच रोल धुवायला पुन्हा कोडॅककडेच जायचा. तिथल्या रंगीत फिल्मचा ९० टक्क्यांहून जास्त धंदा तेव्हा कोडॅकच्या हातात होता. सरकारने सांगितलं, रोल वेगळा विका, धुणं वेगळं, आणि धुण्याची विद्या इतरांनाही द्या. मग स्वतंत्र लॅब उभ्या राहिल्या आणि औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर रोल जमा व्हायला लागले. रोल तिथेच धुवायला येणार, तर तो विकायचाही आपल्याच नावाने, हा हिशेब दुकानदारांनी केला नसता तरच नवल.

पण मग बनवणार कोण? इथे इटली येते. लिगुरियातल्या फेरानिया गावचा कारखाना मुळात स्फोटकांचा. पहिल्या महायुद्धात तिथे नायट्रोसेल्युलोज बनायचं. त्या काळची फिल्मही त्याचीच असायची, म्हणून युद्ध संपल्यावर कारखाना फिल्मकडे वळला. (तोफेतला माल कॅमेऱ्यात!) १९६४ साली तो अमेरिकेच्या थ्रीएम कंपनीने विकत घेतला, आणि पुढची कित्येक वर्षं दुकानांच्या नावाचे रोल पुरवणं हा त्यांचा मोठा धंदा होता. रोल एकाच कारखान्यातला, वेष्टनं मात्र दहा.

तरीही एक अडचण उरतेच. कुठलाही रोल कुठल्याही लॅबमध्ये कसा धुतला जाणार? ती सुटली सी-४१ मुळे. कोडॅकने ही पद्धत १९७२ साली काढली. डेव्हलपर ३७.८ अंशांवर, वेळ ३ मिनिटं १५ सेकंद. हळूहळू बाकीच्या कंपन्यांनीही आपली फिल्म तिच्याशी जुळवून घेतली. आपण सॉफ्टवेअरवाले ज्याला प्रोटोकॉल म्हणतो ना, अगदी तेच. आपल्याकडच्या गल्लीतल्या कलर लॅबवाल्यालाही रोल कोणत्या कंपनीचा, याने फारसा फरक पडायचा नाही, तो यामुळेच.

१९९४ साली कोर्टाने दोन्ही हुकूम रद्द केले आणि १९९५ साली अपिलातही तो निकाल टिकला. पण तोवर डिजिटल दाराशी आलं होतं. जर्मनीची अ‍ॅग्फाफोटो २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली, २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाने हा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि २०१० च्या आसपास फेरानियातही रोल बनणं थांबलं. (पुढे तिथेच एक नवी छोटी कंपनी उभी राहिली. २०१७ साली तिने कृष्णधवल फिल्म बाजारात आणली.)

हे सगळं वाचून झाल्यावर रोल नुसते कपाटात ठेवणं जमेना. पहिला रोल मी वाया घालवला. कॅमेऱ्याने डबीवरच्या खुणा वाचून २०० धरले आणि निगेटिव्हवर नुसतं धुकं आलं. फिल्म म्हातारी झाली की तिला जास्त उजेड लागतो. दर दहा वर्षांना एक स्टॉप, हा साधारण ठोकताळा. म्हणून दुसऱ्या रोलला हाताने ५० लावले.

तेवढ्यात आई-बाबा आले होते. बाबांना म्हटलं, जरा अंगणात बसा. ते म्हणाले, "अरे, फोन आहे ना तुझ्याकडे?"

मग बाथरूम अंधारं करून रोल टाकीत भरला, बादलीत गरम पाणी, त्यात टाकी आणि थर्मामीटर. शेवटी स्टॅबिलायझर, तेही खिडकी उघडून, कारण त्यात फॉर्मॅलिन असतं. जुन्या फिल्मला ते मिळालं नाही तर किरमिजी रंग काही वर्षांत उडायला लागतो, आणि हा फोटो उडून चालणार नव्हता.

चोवीसपैकी सतरा फोटो आले. आकाश गुलाबीसर, सावल्या हिरवट, दाणे जाडेभरडे. पण खुर्चीत बसलेले, कपाळाला आठ्या घातलेले बाबा स्पष्ट आहेत. निगेटिव्हच्या कडेला नुसते आकडे. नाव कुणाचंच नाही, ना दुकानाचं, ना कारखान्याचं.

गंमत बघा. या रोलवर ज्याने नाव छापलं त्याने तो बनवला नव्हता, आणि ज्याने बनवला तो आता बनवत नाही. तरी माझ्या बाथरूममध्ये तो धुतला गेला, कारण ३ मिनिटं १५ सेकंद हा आकडा कुणा एकाच्या तिजोरीत राहिला नाही. रोजच्या कामात 'हे आपलंच ठेवू, दुसऱ्याला कशाला वाचता यायला हवं' असं मीही कितीदा तरी म्हटलंय. आता म्हणताना जरा जीभ अडखळते.

असो. तिसरा रोल फ्रीजरमध्ये आहे. आई म्हणते, मटारच्या पिशवीशेजारी हे काय ठेवलंयस!