रंगीत तावदानें व दालनांतील उजेड

जुन्या वाड्यांतून उतरविलेलीं लाल-निळीं तावदानें संग्राहकांकडे येतात, तीं बहुधा 'पेशवेकालीन' या शेऱ्यासह. हा शेरा सहसा कोणी तपाशीत नाहीं. म्हणून काच आणि दालनांतील उजेड यांचा आपल्याकडील संबंध कसकसा जुळत गेला हें पाहणें अवश्य आहे.

कळंब हें मांजरेच्या कांठचें गांव. त्याच्या दक्षिणेस, त्याच जिल्ह्यांत, तेरणेवर तेर आहे. प्राचीन तगर तें हेंच, असें फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादिलें. पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालांत कच्ची काच सांगितली आहे, व तगरचें कापड त्याच बंदराकडे जात असे. तेरच्या पांढरींत सांपडलेले काचमणी तेथील लामतुरे संग्रहालयांत आहेत. तेव्हां काच या टापूस नवखी नव्हे. पण ती अंगावर मिरविण्याची वस्तु होती. मण्यांवरून खिडकीच्या काचेचें अनुमान करणें धाडसाचें होईल.

उजेडानें दालन पालटावें ही हौस मात्र काचेवांचूनही भागत असे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६१३ सालीं, नळदुर्गास बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटांत पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यांत बंधाऱ्यावरून पाणी कोसळूं लागलें म्हणजे खिडकीपुढें त्याचा पडदा उभा राहतो, आणि त्यांतून गाळून आलेला उजेड भिंतींवर हालत असतो. गोमंतकांत शिंपल्यांच्या पातळ चकत्या खिडक्यांस बसवीत. त्यांतून दुधाळ, बिनझळीचा उजेड येई.

शनिवारवाड्यांतील आरसेमहालाचा दाखला येथें हटकून पुढें केला जातो. परंतु आरसा आणि तावदान यांत घोटाळा करूं नये. आरसा रात्रीचा सोबती. एका समईच्या वाती तो अनेक करून दाखवितो, पण उजेडाचा रंग बदलीत नाहीं. तावदानाचा अंमल दिवसाचा, व तोही उन्हाच्या फिरण्याप्रमाणें फिरणारा. सकाळीं जमिनीवर पडलेला निळा चौकोन दुपारपर्यंत सरकून जातो.

रंगीत काचेचे दरबारी थाटाचे व निश्चित सालाचे दाखले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील आहेत. मुंबई विद्यापीठाचें ग्रंथालय व राजाबाई मनोरा १८७८ सालीं पुरे झाले. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा मेजर मँट यांचा. ते १८८१ त वारले व वाडा १८८४ त पुरा झाला. तेथील दरबार-दालनाच्या काचांवर शिवचरित्रांतील प्रसंग रंगविलेले आहेत. उजेडच इतिहास सांगूं लागतो, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. पेशवाईंत रंगीत काच नव्हतीच, असें आमचें म्हणणें नाहीं. पण वाड्यांतून सर्वांत सहज फुटणारी व बदलली जाणारी वस्तु काचच. वाड्याचें साल काचेस लावण्यापूर्वीं चौकट, खाचा आणि खिळे पाहावे.

पोथ्या जमविणारांसाठीं एक गोष्ट सांगावीशी वाटते. तांबड्या तावदानाखालीं पोथी उघडली तर हिंगुळाचीं अक्षरें कागदांत जवळजवळ मिसळून जातात. हिरव्याखालीं तींच काळसर होऊन शाईच्या अक्षरांत लपतात. दोन्हीं वेळां हिंगुळानें लिहिलेली पुष्पिका नजरेंतून निसटण्याचा संभव असतो. अशा दालनांत केलेली नक्कल साध्या उजेडांत एकवार ताडून घ्यावी.