व्याख्यानाला न बसता मिळवलेली डॉक्टरेट

जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठ, १८९६. आयडा हाइड या ३८ वर्षांच्या अमेरिकी विदुषीची डॉक्टरेटची तोंडी परीक्षा चार तास चालली. शरीरक्रियाशास्त्राचे परीक्षक होते विल्हेल्म क्यूने, 'एन्झाइम' ही संज्ञा विज्ञानाला देणारे प्राध्यापक. या विषयाच्या त्यांच्या वर्गात मात्र आयडांना बसता आले नव्हते!

आपल्या व्याख्यानांत आणि प्रयोगशाळेत स्त्रियांना प्रवेश नाही, हा क्यूने यांचा दंडक होता. त्याआधी स्ट्रासबुर्गमध्ये संशोधन करूनही तेथील विद्यापीठाने स्त्रीला पदवी-परीक्षेस बसू दिले नव्हते, म्हणून तर त्या हायडेलबर्गला आल्या होत्या. क्यूने यांचे सहायक टिपणे आणि आकृत्या देत. त्यांवरूनच त्यांनी एकटीने हा विषय आत्मसात केला.

परीक्षेतील त्यांची चमक पाहून क्यूने पेचात पडले. 'सुम्मा कुम लाउदे' हा सर्वोच्च शेरा स्त्रीला द्यायचा नव्हता. मग 'मुल्टा कुम लाउदे सुपेराविट' असा नवाच लॅटिन शेरा त्यांनी रचला. एवढी कल्पकता वर्गाचे दार उघडण्यात का खर्ची पडली नाही, असे मनात येतेच.

पुढे नेपल्सच्या सागरी जीवशास्त्र केंद्रात काम केल्यावर, तेथे अमेरिकी स्त्री-संशोधकांसाठी एक 'टेबल', म्हणजे संशोधनाची हक्काची जागा मिळावी, म्हणून त्यांनी निधी उभारण्याची खटपट केली. १९०२ मध्ये अमेरिकन फिजिऑलॉजिकल सोसायटीच्या त्या पहिल्या स्त्री-सदस्य झाल्या.