धीर येतो कुठून? पंडिता रमाबाईंची गोष्ट



ग्रामसभेत बोलायला उभं राहिलं की आपला घसा कोरडा पडतो. मुद्दा बरोबर असतो, पण आवाज फुटत नाही. मग काही बायकांना हा धीर येतो कुठून? आमच्या गटात हा प्रश्न निघाला आणि आम्हांला पंडिता रमाबाई आठवल्या. रमाबाई रानडे वेगळ्या आणि माता रमाई आंबेडकरही वेगळ्या. या रमाबाई केडगावच्या, आपल्या दौंड तालुक्यातल्या.

त्यांचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. रमाबाई भावाबरोबर पायी देश फिरल्या. 1880 मध्ये लग्न झालं आणि दोनच वर्षांत नवरा पटकीनं गेला. पदरात तान्ही मनोरमा.

1883 मध्ये त्या डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्यानं ते जमलं नाही. तिथे त्यांनी एक काम पाहिलं. समाजानं टाकलेल्या बायकांना ख्रिस्ती भगिनी मायेनं सांभाळत होत्या. विहिरीवरच्या शोमरोनी बाईशी येशू मानानं बोलला, ती गोष्ट त्यांनी वाचली. त्याच वर्षी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

इकडे पुण्यात मोठी टीका झाली. पण त्या तिकडच्यांपुढेही मान तुकवणाऱ्या नव्हत्या. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं. त्यांनी इंग्रज मुलग्यांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेव्हाही त्यांनी वाद घातला. धर्म नवा घेतला, पण विचार करणं गहाण ठेवलं नाही.

11 मार्च 1889 ला त्यांनी मुंबईत चौपाटीला ‘शारदा सदन’ काढलं. विधवा मुलींसाठी शाळा आणि राहण्याची सोय. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. 1893 मध्ये काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून गदारोळ झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती आम्ही खोटी म्हणणार नाही. रमाबाईंचं म्हणणं एवढंच होतं, की माझ्या घरात माझी प्रार्थना मी दार लावून का करू?

मग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात पोरक्या मुलींचे हाल चालले होते. रमाबाईंना स्वतःची उपासमार आठवली. त्या स्वतः तिथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग. म्हणून केडगावच्या माळरानावर मुक्काम हलवला. तिथेच ‘मुक्ती’ उभी राहिली. त्याच 1897 साली प्लेगच्या इस्पितळात बायकांची आबाळ होते, असं पत्र त्यांनी वर्तमानपत्रात छापून आणलं. इंग्रज सरकार त्यांच्यावर चिडलं. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या सरकारच्या झाल्या नव्हत्या.

1900 च्या दुष्काळानंतर मुक्तीत दीड हजारांहून अधिक जणी होत्या. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकाच चालवत. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणलं, आणि ते याच बायकांनी छापलं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या.

मैत्रिणींनो, आम्हांला एक गोष्ट दिसते. त्या दरवेळी दुसऱ्या कुणासाठी उभ्या राहिल्या. आधी विधवा मुलींसाठी, मग दुष्काळातल्या पोरींसाठी, मग इस्पितळातल्या बायकांसाठी. प्रत्येक कामागणिक धीर वाढला आणि श्रद्धाही. आपला धर्म कुठलाही असो. पुढच्या ग्रामसभेत घसा कोरडा पडला, तर आपण कुणासाठी उभ्या आहोत ते आठवू या. तिचं नाव घेऊनच पहिलं वाक्य बोलू या.