एकाच नक्षाच्या दोन खेपा

दिवाळीत अनारशांचा पहिला घाणा जाळीदार उतरतो आणि दुसरा तुपात हसतो. पीठ तेच, हात तोच, मग बिघडले कोठे, हा प्रश्न आपणांपैकी प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी पडलेला आहे. १९८७ साली तोच प्रश्न अमेरिकेत आयबीएम या बलाढ्य कंपनीपुढे उभा राहिला. संगणकाची स्मृती ज्यांत साठते अशा तिच्या चिपा अमेरिकेतही होत आणि युरोपातही. अमेरिकेतल्या चिपा चुका करू लागल्या. जवळजवळ तशाच युरोपीय चिपा मात्र बिनतक्रार चालत होत्या.

चूकही मोठी विलक्षण. एखाद्या घरात साठवलेल्या एकाचे शून्य होई, पण चिप मोडलेली नसे. पुन्हा लिहावे, तर ती ठणठणीत! वैद्य येईपर्यंत रोगी उठून बसावा, तसा प्रकार.

असा रोग पूर्वी एकदा सापडला होता. १९७८ साली इंटेल कंपनीच्या मे आणि वुड्स या संशोधकांनी दाखवले होते की, चिपेच्या सिरॅमिक कवचात युरेनियम-थोरियमचा लेश असतो, त्यातून आल्फा कण सुटतो, आणि सिलिकॉनमध्ये जेमतेम २५ मायक्रॉन शिरून वाटेत दहा लाखांहून अधिक इलेक्ट्रॉन मोकळे करतो. स्मृतीच्या एका घरातला विद्युत्भार तेव्हा साधारण तेवढाच असे. साहजिकच पुढे अशी चूक दिसली की पहिला संशय कवचावर. कालचे खरे उत्तर आजच्या प्रश्नाच्या वाटेत आडवे येते ते असे.

येथे आयबीएमच्या लोकांनी जे केले, ते आम्हांस या साऱ्या कथेतले सर्वांत शहाणपणाचे कृत्य वाटते. त्यांनी अदलाबदल केली. अमेरिकन चिपा युरोपीय कवचांत बसवल्या, युरोपीय चिपा अमेरिकन कवचांत. चुका अमेरिकन चिपांच्याच मागे गेल्या. कवच निर्दोष सुटले; दोष चिपेच्या अंगात होता.

मग कारखान्यातला एकेक पदार्थ किरणोत्सारासाठी तपासणे आले. शोध थांबला नायट्रिक आम्लाच्या बाटल्यांपाशी. सगळ्या नव्हे, काही बाटल्यांपाशी. म्हणून तर खेपेखेपेत फरक! बाटल्या धुतल्यावर आत स्थिर विजेने धूळ चिकटून राहू नये, यासाठी त्यांत विद्युत्भारित हवेचा झोत सोडीत. हवा तशी करण्यासाठी झोताच्या यंत्रात पोलोनियम-२१० ठेवलेले असे, आणि तेच गळत होते. मारी आणि पिएर क्यूरींनी १८९८ साली शोधलेले, मारीच्या मायभूमीचे नाव मिरवणारे हे मूलद्रव्य स्वच्छतेच्या कामावर नेमलेले असावे आणि त्यानेच घाण करावी!

जेम्स झीग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही हकीकत १९९६ साली प्रसिद्ध केली. पोलोनियम-२१० दर १३८ दिवसांनी निम्मे होते. संशयित चिपा कोणी दोन वर्षे कपाटात ठेवून दिल्या असत्या, तर त्यांतला किरणोत्सार सुमारे चाळिसाव्या हिश्शावर आला असता, आणि दोन्ही खेपा शेजारी मांडूनही फरक शोधणे फार कठीण झाले असते.