पदवी, प्रमाणपत्र की हाताचा सराव?



गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, वही मिटली, की हल्ली एक विषय हमखास निघतो. लेक बारावी झाली, आता तिला कॉम्प्युटरचं काय शिकवावं? एक म्हणते पदवीच करू दे. दुसरी म्हणते, सहा महिन्यांचा कोर्स बरा. तिसरी म्हणते, तालुक्याला एखाद्या सेंटरवर बसव, काम करता करता शिकेल. फीसाठी बहुतेक वेळा गटातूनच अंतर्गत कर्ज उचललं जातं. पैसा भलत्या ठिकाणी गेला तर हप्ते थकतात, पोरीचं शिकणं थांबतं आणि घरात स्थळांची बोलणी सुरू होतात. ज्या घरचा कोयता दिवाळीला कारखान्यावर जातो, त्या घरात तर पोरीला दुसरी संधी क्वचितच मिळते.

म्हणून आज सल्ला देण्याआधी आम्ही थोडा इतिहास सांगणार आहोत. आपल्या भागात नोकरीसाठी कोणता कागद चालला, कधी चालला आणि त्या कागदामागे हात किती होता, हे बघितलं की पुढचं ठरवणं सोपं जातं.

आपला बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथेही शिकवणं उर्दूत. इथल्या मराठी घरातल्या पोराला पदवी घ्यायची तर परकी भाषा आणि परका गाव. पोरींची तर गोष्टच नको. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी, तेव्हाच्या औरंगाबादला. आपल्याकडे पदवीला एवढा मान का, याचं उत्तर इथे आहे. जी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या मिळाली नाही, ती मिळाल्यावर माणूस ती भिंतीवर चौकटीत लावणारच. पुढे १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं. शाळा अर्धवट सुटलेल्यांना त्याच्या पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीकडे जाता येऊ लागलं. लेकरं सांभाळून, शेतात खुरपून बीए झालेल्या कितीतरी बाया आपल्या गटांत आहेत.

पण पदवी असली तरी कचेरीत टेबल मिळायला आणखी एक कागद लागायचा, तो टायपिंगचा. तालुक्याच्या गावी एक-दोन टायपिंगच्या संस्था असायच्याच. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठी मिनिटाला ३० शब्द, इंग्रजी ४० शब्द. परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घ्यायची. या प्रमाणपत्राची खुबी अशी, की हात बसल्याशिवाय ते मिळतच नव्हतं. समोर यंत्र, बाजूला घड्याळ. पाठांतर करून तिथे काही चालत नसे. म्हणून ते हातात घेऊन गेलेल्या पोरीला साहेबाला फार काही पटवून द्यावं लागत नसे.

मग यंत्र गेलं. ऑगस्ट २०१७ मध्ये राज्यात टाइपरायटरवरची शेवटची परीक्षा झाली. यंत्रं भंगारात निघाली, पण ज्यांची बोटं मराठी टायपिंगला बसली होती त्यांचं काही वाया गेलं नाही. कॉम्प्युटरवर मराठीचा जो रेमिंग्टन कळफलक चालतो, तो त्या जुन्या यंत्राच्याच रचनेवर बेतलेला आहे. कळांची जागा ओळखीची, फक्त खडखडाट बंद झाला. यंत्र बदललं तरी हाताची सवय पुढच्या यंत्रावर गेली, हे इथे लक्षात ठेवा.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. ज्यांनी सगळ्यात आधी कॉम्प्युटर चालवला, त्यांच्याकडे कॉम्प्युटरची पदवी नव्हती, कारण तशी पदवीच नव्हती. अमेरिकेत फिलाडेल्फियाला एनियाक नावाचा खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर तयार झाला, तो फेब्रुवारी १९४६ मध्ये लोकांना दाखवला. त्याला गणितं घालून देणाऱ्या सहा जणी होत्या: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिक्टरमन. त्या काळी ‘कॉम्प्युटर’ हे हाताने आकडेमोड करणाऱ्या माणसाच्या कामाचं नाव होतं, आणि या सहा जणी तेच काम करत होत्या. बहुतेकींनी कॉलेजात गणित केलेलं, म्हणून त्यांना तिथे घेतलं. पण हे नवं यंत्र कसं चालवायचं याचं पुस्तक नव्हतं. यंत्राचे नकाशे समोर ठेवून त्या स्वतःच शिकल्या. पदवीने दार उघडलं, काम हाताने शिकलं. आणि एवढं करून यंत्र जगाला दाखवलं त्या दिवशी त्यांची नावं कुणी घेतली नाहीत. त्यांना मान मिळायला पन्नास वर्षं गेली. काम केलं पण नाव लागलं नाही, हे आपल्याला काही नवीन नाही.

आपल्याकडेही सुरुवात अशीच झाली. टाटा कन्सल्टन्सी १९६८ साली मुंबईत निघाली, तेव्हा कॉम्प्युटर शिकून आलेली माणसं मिळणारच कुठून? दुसऱ्या विषयांत शिकलेली हुशार मुलं घ्यायची आणि कामावर शिकवायची, हाच रस्ता होता. पुढे कॉलेजं वाढली, शिकलेली मुलं रांगेत उभी राहू लागली, तशी चाळणी बारीक झाली. मोठ्या कंपन्यांच्या भरतीत दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे ६० टक्के मागणं नेहमीचं झालं. ज्या पोरीने दहावीचं अर्धं वर्ष भावंडं सांभाळण्यात घालवलं, ती तिथेच गळते. तिला काम येतं की नाही, हे कुणी विचारतच नाही.

गावाकडे कॉम्प्युटरचा कागद आला तो एमएस-सीआयटीने. २००१ साली राज्य सरकारच्या पुढाकाराने महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि हा कोर्स बाजाराच्या गावापर्यंत पोहोचला. शिकवणं मराठीत, पदवीची अट नाही, घरून जाऊन-येऊन होणारा. पोरींना घरच्यांनी परवानगी दिली ती यामुळेच. सरकारी नोकरीत कॉम्प्युटरचं ज्ञान आवश्यक ठरवणारे शासन निर्णय निघाले, १९ मार्च २००३ चा आणि ४ फेब्रुवारी २०१३ चा निर्णय आजही जाहिरातींत छापलेला दिसतो. झालं, घराघरात तो कागद आला. पण जो कागद सगळ्यांकडे असतो, तो अर्ज भरायला लागतो, निवड व्हायला पुरत नाही. कोर्स झाला आणि वर्षभर माऊसला हात लागला नाही, अशा पोरी आपण बघतो. कागद फाईलमध्ये राहतो, आलेलं विसरून जातं.

याच्या उलट गोष्टही आपल्याच गावांत घडली. २०११ साली ‘संग्राम’, म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, ही योजना आली. ग्रामपंचायतीत संगणक परिचालक बसले. जन्म-मृत्यूच्या नोंदी, नमुना आठ, निरनिराळे दाखले, सगळं त्यांनी कॉम्प्युटरवर चढवलं. लाईट गेली, नेट गेलं तर रात्री बसून केलं. २०१५ अखेर ती योजना संपली आणि पुढे ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आलं. काम तेच राहिलं. मानधन वेळेवर द्या, आम्हाला ग्रामपंचायतीचे कर्मचारी माना, यासाठी या परिचालकांनी मुंबईत आणि नागपुरात मोर्चे काढले. हाताला वर्षांचा अनुभव, पण त्या अनुभवाला आस्थापनेवर जागा नाही. नुसता कागद पुरत नाही हे एमएस-सीआयटीने दाखवलं, नुसता हात पुरत नाही हे संग्रामने दाखवलं.

मग करायचं काय? तीन गोष्टींची तीन कामं वेगळी आहेत, ती एकमेकांत मिसळू नका. पदवी रांगेत उभं राहू देते. प्रमाणपत्र जाहिरातीतली अट पुरी करतं. आणि समोर कॉम्प्युटर ठेवून “करून दाखव” म्हटल्यावर फक्त हात कामाला येतो.

पदवी परवडत नसेल तर ती सोडू नका, मुक्त विद्यापीठातून सावकाश करा आणि सोबत काम शिका. प्रमाणपत्रासाठी पैसे भरण्याआधी एकच विचारा: कागदावर सही-शिक्का कुणाचा? आयटीआयचा ‘कोपा’ हा एक वर्षाचा कॉम्प्युटरचा ट्रेड दहावीवर होतो. ‘नाइलिट’ या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘ओ लेव्हल’ परीक्षा आहे, तिचं केंद्र छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात आहे. परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखन परीक्षा आहे. गल्लीतल्या रंगीत प्रमाणपत्रापेक्षा यांचं वजन जास्त. आपल्याला हव्या त्या नोकरीची जुनी जाहिरात काढा, तिच्यात कोणतं नाव छापलंय ते वाचा, आणि मगच गटापुढे कर्जाचा अर्ज ठेवा.

अनुभवासाठी २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. सुरुवातीला सहा महिन्यांचं काम आणि बारावीला महिना ६०००, आयटीआय-पदविकेला ८०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन होतं. ती कायम नोकरी नव्हती. पुढे ते प्रशिक्षणार्थीही मागण्या घेऊन रस्त्यावर आले. अशा कोणत्याही योजनेत जाताना मुदत आणि अटी आधी वाचा, आणि बाहेर पडताना अनुभवाचा दाखला घेतल्याशिवाय निघू नका.

आणि मैत्रिणींनो, आपल्या स्वतःच्या हाताकडेही बघा. गटाची दप्तरं आता मोबाईलवर भरली जातात. आपली बीसी सखी मशीनवर अंगठा घेऊन पैसे देते, त्यासाठी तिने आयआयबीएफची परीक्षा दिलेली असते. हेही कॉम्प्युटरचंच काम आहे. काम करून शिकलेल्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ ही सोय केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आलेली आहे. त्याची चौकशी जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात करा.

आम्ही आमच्या गटांत एक पद्धत सुरू केली आहे. जी लेक किंवा सून गटाच्या नोंदी भरते, तिला वर्षाअखेर लेखी दाखला द्यायचा: कोणतं काम, कोणत्या तारखेपासून, किती गटांचं, कोणत्या ॲपवर. खाली अध्यक्ष आणि सचिवाची सही. तिनेही घरी एक वही ठेवायची आणि शिकलेलं प्रत्येक काम तारखेनिशी लिहायचं. मुलाखतीत “तुला काय येतं?” विचारल्यावर पोरी मान खाली घालतात. वही असली की बोलायला सुचतं.

तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय कार्यवृत्तात घ्या. कोणाच्या घरी असं काम करणारी लेक आहे ते विचारा, आणि तिच्या नावाचा दाखला त्याच बैठकीत लिहून द्या.