निर्धूर दारूची निवड : खर्च आणि सुरक्षितता (१८८४ ते १९११)

प्रस्तावना :
काडतुसात कोणती दारू भरावी हा प्रश्न वरकरणी केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. वस्तुतः शासनाची तिजोरी, शस्त्राचे आयुष्य आणि सैनिकाचा जीव या तिन्ही गोष्टी त्याच्याशी निगडित असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्याने काळ्या दारूऐवजी कॉर्डाइटचा स्वीकार केला. या निवडीत खर्च व सुरक्षितता यांचा मेळ कसा घातला गेला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

काळ्या दारूच्या मर्यादा :
सोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० टक्के हे ब्रिटिश काळ्या दारूचे रूढ प्रमाण होते. बिहारमधील सोरा ईस्ट इंडिया कंपनी सतराव्या शतकापासून इंग्लंडला नेत असे. कोरडी ठेवल्यास ही दारू दीर्घकाळ टिके. मात्र ठिणगीने ती चटकन पेट घेई, जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने उरून नळी काजळीने भरे आणि धुरामुळे सैनिकाची जागा शत्रूस कळे.

कॉर्डाइटचा स्वीकार :
१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी निर्धूर दारू तयार केली. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी बॅलिस्टाइटचा शोध लावला. त्यात कापूर होता. तो हळूहळू उडून जात असल्याने साठवणीत दारूचे गुणधर्म बदलत. ब्रिटिश शासनाने १८८८ मध्ये फ्रेडरिक एबल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे ही अडचण होती. एबल व जेम्स ड्यूअर यांनी १८८९ मध्ये कॉर्डाइट सिद्ध केले. त्यात नायट्रोग्लिसरीन ५८, गनकॉटन ३७ व व्हॅसलीन ५ टक्के होते. व्हॅसलीन नळीला वंगण म्हणून घातले होते. पुढे त्यामुळे दारूचा टिकाऊपणाही वाढतो असे आढळले.

निवडीचा छुपा खर्च :
कॉर्डाइटच्या अतितप्त वायूंमुळे नळ्या लवकर झिजू लागल्या. १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलीचे उथळ आटे मूळ काळ्या दारूसाठी योजलेले होते. ते टिकेनात, म्हणून १८९५ मध्ये खोल आट्यांची ली-एन्फिल्ड आणावी लागली. अखेर १९०१ मध्ये नायट्रोग्लिसरीनचे प्रमाण ३० टक्क्यांवर आणून सुधारित कॉर्डाइट तयार झाले. त्याने झीज कमी झाली. परंतु तोच वेग मिळविण्यासाठी दारू अधिक भरावी लागे. भारतातही हा बदल खर्चाचा ठरला. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ पासून दारूगोळा कारखाना होता. कॉर्डाइटसाठी मात्र नीलगिरीतील अरुवनकाडू येथे १९०४ मध्ये स्वतंत्र कारखाना उभारण्यात आला.

साठवणीतील धोका :
निर्धूर दारू काळानुरूप विघटन पावते व उष्णतेने हे विघटन वाढते. फ्रान्सने याची जबर किंमत मोजली. तूलाँ बंदरात १२ मार्च १९०७ रोजी 'येना' आणि २५ सप्टेंबर १९११ रोजी 'लिबेर्ते' ही युद्धनौका स्फोटात नष्ट झाली. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. विघटन पावलेल्या दारूस याचे कारण मानले गेले. त्यानंतर दारू टिकविण्यासाठी अमाइल अल्कोहोलऐवजी डायफेनिलअमाइन वापरले जाऊ लागले.

निष्कर्ष :
दारूची किंमत केवळ खरेदीच्या दराने ठरत नाही. झिजलेली नळी, नवा कारखाना आणि कोठारात साचत जाणारा धोका हे सारे तिच्या हिशेबात धरावे लागते. ब्रिटिशांनी नळीच्या झिजेतून हा धडा घेतला. फ्रेंचांना तो मनुष्यहानीतून मिळाला. निवडीच्या वेळी जो खर्च वाचला असे वाटते, तो पुष्कळदा पुढे ढकललेला असतो, हेच या इतिहासावरून स्पष्ट होते.